नसलेल्या स्टेशनचा पत्ता : रावळपिंडी ते लंडी कोतल, ऑगस्ट १९७२

शत्रूच्या मुलखात अडकलेल्या सैनिकांचे चित्रपट मी आवडीने पाहतो. जवळजवळ प्रत्येकात एक प्रसंग ठरलेला असतो. ओला चिखल, लांबून कुत्र्यांचं भुंकणं, टॉर्चचा झोत आणि झुडपात श्वास रोखून पडलेला नायक. झोत त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावरून जातो आणि आपणही श्वास सोडतो.

आज ज्या प्रकरणाबद्दल लिहितोय त्यात झुडूप नाही. त्यात बस आहे, तांगा आहे, चहाचं दुकान आहे आणि डोक्यात न बसणारी एक टोपी आहे. पाकिस्तानच्या कैदेतून पळालेले भारतीय हवाई दलाचे तीन वैमानिक अफगाण सरहद्दीपासून जेमतेम चार मैलांवर पोचले होते. तिथे ते भर सकाळी, भर बाजारात पकडले गेले. त्यांच्या धाडसाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, चित्रपटही निघाला आहे. मला रस आहे तो शेवटच्या दोनेक तासांत. योजना कुठे फसली, आणि फसल्यावरही तिघे जिवंत कसे राहिले?

कोठडी क्रमांक ५

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर यांचं सुखोई-७ विमान १० डिसेंबर १९७१ रोजी जफरवालच्या परिसरात विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात पडलं. हा माणूस मुळातच शांत बसणारा नव्हता. १९६५ च्या युद्धात दंडाला दुखापत झालेली असतानाही त्यांनी मार बसलेलं हंटर विमान परत आणून उतरवलं होतं आणि त्याबद्दल वायुसेना पदक मिळवलं होतं. पकडला गेलो तर पळून येईन, हेही त्यांनी आपल्या कमांडिंग ऑफिसरला १९७१ च्या युद्धाच्या कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं.

त्यांना रावळपिंडीत पाकिस्तानी हवाई दलाच्या एका छोट्या तळावर ठेवलं. तिथे त्यांच्यासारखे डझनभर भारतीय वैमानिक होते. विंग कमांडर कोएल्हो त्यांच्यात सर्वांत वरिष्ठ. सुरुवातीला प्रत्येकजण एकटा कोंडलेला, शेजारच्या कोठडीत कोण आहे याचाही पत्ता नाही. छावणीचा प्रमुख होता स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद. २५ डिसेंबरला त्याने नाताळचा केक मागवला आणि सगळ्या कैद्यांना पहिल्यांदा एकत्र बसू दिलं. या उस्मानला लक्षात ठेवा. केकची ही गोष्ट माणुसकीचा गोड प्रसंग म्हणून सांगितली जाते. माझ्या मते या प्रकरणातला तो सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे, पण त्याकडे नंतर येतो.

लढाई १७ डिसेंबरला संपली तरी कैदी सुटेनात. भारताच्या ताब्यात पाकिस्तानचे ९० हजारांहून जास्त युद्धकैदी होते आणि दोन्ही बाजूंचा हिशेब त्यांच्याभोवती फिरत होता. २ जुलै १९७२ ला सिमला करार झाला, पण त्यातही सुटकेची तारीख नव्हती. वाट बघायची किती, हा प्रश्न पारुळकरांपुरता तरी आधीच सुटलेला होता. फ्लाइट लेफ्टनंट मालविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे दोघे त्यांच्याबरोबर निघायला तयार झाले.

भिंत फोडण्याचं काम पाच नंबरच्या कोठडीत झालं. कात्री, सुरी, स्क्रू-ड्रायव्हर अशा किरकोळ हत्यारांनी रात्री-रात्री विटांभोवतीचा चुना खरवडायचा, मलबा खाटेखाली सरकवायचा. भोक केवढं, तर २१ इंच बाय १५ इंच. बाहेरचा गिलावा मात्र अखेरच्या रात्रीपर्यंत शाबूत ठेवायचा, म्हणजे पलीकडून भिंत भिंतच दिसेल. शिवणाच्या सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र तयार झालं. वैमानिकाच्या जी-सूटमध्ये हवेच्या रबरी पिशव्या असतात, त्या पाण्यासाठी ठेवल्या. जिनिव्हा कराराच्या ६० व्या कलमाप्रमाणे मेजरच्या हुद्द्याखालच्या कैदी अधिकाऱ्याला महिन्याला ५० स्विस फ्रँकएवढी उचल मिळायची असते. अशा भत्त्यातून साठवलेल्या पैशांवर सुका मेवा, डब्यातलं दूध आणि प्रवासखर्च निघाला. म्हणजे पळून जाण्याचा खर्च पकडणाऱ्याच्याच खिशातून! आणि नकाशा? तो एका जुन्या शालेय अ‍ॅटलासमधून घेतला होता.

भिंतीच्या भागावर मी इथेच थांबतो. तो चित्रपटवाल्यांचा आवडता भाग आहे आणि तिघा वैमानिकांनी तो चोख पार पाडला होता. चुकलं ते अ‍ॅटलासमध्ये.

घर पूर्वेला, वाट पश्चिमेला

रावळपिंडीहून भारताची हद्द पूर्वेला. सरळ विचार केला तर तिकडे चालू लागायचं. पण तिकडे युद्धबंदीची रेषा होती. सहा-आठ महिन्यांपूर्वी जिथे लढाई झाली त्या भागात सुरुंग, गस्त, आणि दोन्ही बाजूंचे बोट चापावर ठेवून बसलेले जवान असणार. अंधारात समोरून येणाऱ्या पठाणी वेशातल्या माणसाला आपलाच जवान गोळी घालणार नाही, याची हमी कोण देणार?

पश्चिमेला पेशावर, पुढे खैबर खिंड, आणि खिंडीच्या टोकाला तोरखमचं नाकं. त्यापलीकडे राजा जहीर शाहचा अफगाणिस्तान, ज्याचे भारताशी चांगले संबंध होते. काबूल गाठलं की भारतीय वकिलात. अंतर जास्त, पण रावळपिंडी ते पेशावर हा रहदारीचा हमरस्ता. बसने जाता येतं, आणि बसमध्ये बसलेल्या माणसाकडे कुणी निरखून बघत नाही. मराठी वाचकाला इथे आग्र्याची आठवण होणारच. दख्खनला जायचं तर आधी उत्तरेला मथुरेकडे वळायचं, हा तोच हिशेब. पाठलाग करणारा नेहमी घराच्या वाटेवर धावतो.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला हा सर्वांत पक्का निर्णय. त्यांनी लपण्याऐवजी खपून जायचं ठरवलं. त्यासाठी सोंगंही बेतलेली होती. आपण लाहोरला असलेले पाकिस्तानी हवाई दलाचे कर्मचारी, सुट्टीवर फिरायला निघालोय, असं सांगायचं. पारुळकर झाले ‘फिलिप पीटर’. ख्रिस्ती नाव घेतलं की नमाजाचे, कलम्याचे प्रश्न टळतात. हवाई दलाचंच सोंग घेतलं की विमानं, तळ, हुद्दे यांवर कुणी टोकलं तरी उत्तर अडत नाही. सोंग आपल्या अंगभूत माहितीच्या जितकं जवळ, तितकं ते टिकतं.

बेत १४ ऑगस्टचा होता. पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन, पहारेकरी सैल असतील. पण १३ तारीख उजाडण्याआधीच्या रात्री वादळ आलं. धुळीचे लोट, मग पाऊस, आणि अंगणातल्या पहारेकऱ्याने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. तिघांनी बेत आणि मुहूर्त दोन्ही बाजूला ठेवले, गिलावा फोडला आणि बाहेर पडले. काही मिनिटांत ते रस्त्यावरच्या माणसांत मिसळले होते. मग पेशावरची बस, पेशावरहून जमरूदच्या रस्त्याला तांगा, थोडं पायी, पुन्हा बस. जमरूदला शीख सेनापती हरिसिंग नलव्याने बांधलेला किल्ला आहे आणि तिथेच १८३७ साली नलवा लढाईत मारला गेला. ग्रेवालांना त्या सकाळी ते आठवलं असेल का, असा विचार माझ्या मनात उगीच येऊन गेला. सकाळी साडेनऊच्या सुमारास तिघे लंडी कोतलला उतरले. रावळपिंडीतली कोठडी सोडून अर्धा दिवससुद्धा झाला नव्हता.

माशी शिंकली

आता नकाशाकडे येऊ. खैबरची रेल्वे इंग्रजांनी नोव्हेंबर १९२५ मध्ये लंडी कोतलपर्यंत सुरू केली आणि १९२६ साली ती पुढे, सरहद्दीच्या अगदी अलीकडे लंडी खानापर्यंत नेली. १९३२ च्या डिसेंबरात अफगाण सरकारच्या आग्रहावरून तो शेवटचा तुकडा बंद झाला. मग लंडी कोतल हेच शेवटचं स्टेशन उरलं. पण जुन्या अ‍ॅटलासमध्ये रेघ तशीच होती आणि रेघेच्या टोकाला नाव होतं लंडी खाना. छावणीत बसून नकाशा पाहणाऱ्याला वाटणार की ते एखादं नांदतं ठिकाण आहे. तिथे जाणारा रस्ता विचारला तर त्यात कुणाला काय वावगं वाटेल?

म्हणून त्यांनी लंडी कोतलच्या चहाच्या दुकानात लंडी खान्याला कसं जायचं ते विचारलं. लोकांना कळेना. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनचा पत्ता हे तीन परके तरुण कशाला विचारताहेत?

एवढ्यानेही कदाचित भागलं असतं. पण पारुळकरांच्या लक्षात आलं होतं की इथे कुणीच उघड्या डोक्याने फिरत नाही. त्यांनी दोन टोप्या विकत घेतल्या. त्यातली एक ग्रेवालांच्या डोक्यात बसेना, म्हणून बदलून आणायला परत दुकानात गेले. निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं, पण परिणाम नेमका उलटा झाला. आपल्याकडेही बाजाराच्या गावात नवीकोरी टोपी घालून, तीही बदलून घेऊन फिरणारा माणूस दहाजणांच्या नजरेत भरतो. मुळात टोपी नसलेला प्रवासी हा नुसताच बाहेरगावचा माणूस असतो. बाजारात उभ्या-उभ्या टोपी चढवणारा प्रवासी मात्र काहीतरी लपवतोय असं वाटतं. ही माझी समजूत आहे, पण पुढे त्यांना जे प्रश्न विचारले गेले त्यांत टोप्या कुठून घेतल्या हाही एक होता.

दरम्यान चहाच्या दुकानातला पोऱ्या हद्दीपर्यंतच्या टॅक्सीचं भाडं पंचवीस रुपये सांगत होता. तेवढ्यात मागून हाक आली. हाक मारणारा तहसीलदाराच्या कचेरीतला अर्जनवीस होता, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारा मध्यमवयीन कारकून. पोलीस नव्हे, सैनिक नव्हे. ज्याचं आयुष्य अनोळखी माणसांची नावं, गावं आणि कामं लिहून घेण्यात गेलं असा माणूस. त्याला गोष्ट पटली नाही.

त्याला आलेला संशय चुकीचा होता, ही या प्रकरणातली गंमत. हे भारतीय वैमानिक असतील असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याला ते बंगाली वाटले. बांगलादेश झाल्यावर पश्चिम पाकिस्तानात लाखो बंगाली अडकून पडले होते. त्यांतले अनेकजण दलालांना पैसे देऊन याच वाटेने काबूलला सटकत आणि तिथून भारतमार्गे ढाक्याला जात. लंडी कोतलच्या बाजाराला सरहद्दीची चौकशी करणाऱ्या सावळ्या परक्या तरुणांकडे बघण्याची सवय लागलेली होती. नकाशा १९३२ च्या आधीचा होता तसं हेही त्यांना ठाऊक असण्याचा मार्ग नव्हता. कैदेत बसलेल्या माणसाला बाहेरच्या वाटेवर त्या वर्षी कुणाची वर्दळ आहे ते कोण सांगणार?

मग चूक नेमकी कोणती? अनेकजण बोट नकाशावर ठेवतात. मला ते अर्धंच पटतं. नकाशा जुना होता हे खरं, पण त्याहून नडलं ते विचारणं. रावळपिंडी ते लंडी कोतल या साऱ्या वाटेवर ते खपून गेले, कारण त्या वाटेवर फक्त तिकीट काढायचं होतं. लंडी कोतलला त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून आपल्याकडे लक्ष वेधलं, तेही एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा. काही न विचारता रस्त्याने पश्चिमेकडे चालत सुटले असते तर? खिंडीत वाट एकच, उतार तोरखमकडेच जातो. अर्थात चार मैल उघड्या रस्त्यावरून तिघांनी पायी जाणं हेही नजरेत भरलंच असतं, आणि नाक्याजवळ डोंगरात शिरायला अंधार हवा होता. सकाळी साडेनऊला तो कुठून आणणार? सगळं फार लवकर आणि फार सुरळीत पार पडलं होतं. संध्याकाळी लंडी कोतलला पोचले असते तर काय झालं असतं, हा खेळ मी बराच वेळ खेळून बघितला. उत्तर काढता येत नाही.

एक फोन

तहसीलदारालाही समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत. त्याने तिघांना तुरुंगात टाकायचं ठरवलं. प्रकरणाचा खरा गाभा मला इथे दिसतो, आणि त्यासाठी हा मुलूख कसला होता ते समजून घ्यायला हवं.

खैबर हा टोळ्यांचा प्रदेश. तिथे इंग्रजांनी १९०१ साली केलेला सरहद्दीचा फौजदारी कायदा तसाच चालू होता. पाकिस्तानची नेहमीची न्यायालयं तिथे चालत नसत. पोलिटिकल एजंट आणि त्याच्या हाताखालचा तहसीलदार म्हणतील ते. अशा जागी तीन निनावी संशयितांचं काय व्हावं हे सर्वस्वी स्थानिक माणसाच्या मर्जीवर. युद्धकैद्याला जिनिव्हा करार भक्कम संरक्षण देतो. पळताना पकडला गेला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा, तीही जास्तीत जास्त ३० दिवस. पळण्यासाठी साधे कपडे घातले, खोटे कागद केले, तरी तेवढ्यासाठी शिस्तभंगापलीकडची शिक्षा देता येत नाही. हे ८९ ते ९३ या कलमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. पण त्याला एक अट आहे: तुम्ही युद्धकैदी आहात हे समोरच्याला ठाऊक हवं. ‘फिलिप पीटर’ला जिनिव्हा कराराचा काहीच उपयोग नव्हता. इथवर ज्या सोंगाने त्यांना वाचवलं, त्याच सोंगात ते आता नाहीसे होऊ शकत होते, आणि कुणाला कानोकान खबर लागली नसती.

दुसऱ्या बाजूला, तहसीलदाराच्या कचेरीत एकाएकी ‘आम्ही भारतीय वैमानिक’ म्हणणंही धोक्याचं. युद्धाला वर्षही उलटलं नव्हतं.

पारुळकरांनी तिसरी वाट काढली. त्यांनी तहसीलदाराला सांगितलं की मला पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीशी, म्हणजे त्यांच्या दिमतीच्या अधिकाऱ्याशी, बोलायचंय. हा एडीसी म्हणजे आपला उस्मान हमीद. मधल्या काळात त्याची छावणीवरून तिकडे बदली झाली होती आणि पारुळकरांना ते ठाऊक होतं. तहसीलदाराच्या दृष्टीने ही मागणी सोंगाशी जुळणारीच होती, कारण हवाई दलाची माणसं आपल्या वरिष्ठांशी बोलू पाहताहेत. फोन लागला. पारुळकरांनी मोजक्या शब्दांत सांगितलं की आम्ही तिघे लंडी कोतलला आहोत, तहसीलदाराच्या ताब्यात आहोत, आम्हाला न्यायला माणसं पाठवा. उस्मानला लगेच उमगलं. त्याने तहसीलदाराला बजावलं की ही आपलीच माणसं आहेत, कोंडून ठेवा, सांभाळा, पण हात लावू नका.

‘आपलीच माणसं’ हे शब्द पाहा. तहसीलदाराने त्याचा एक अर्थ घेतला, पारुळकरांनी दुसरा. अकराच्या सुमारास रावळपिंडीच्या छावणीत बातमी पोचली.

पारुळकरांनी हा निर्णय घेतला तेव्हा सुटकेचा डाव संपला होता. उरला होता तो एकच अधिकार: पकडले जायचंच तर कुणाच्या हाती. सरहद्दीवरच्या अनोळखी कचेरीच्या हाती की आपली नावं रेडक्रॉसच्या यादीत आहेत हे जाणणाऱ्या हवाई दलाच्या? आणि तो फोन करण्याची हिंमत आली ती डिसेंबरच्या केकमुळे. उस्मान कसा वागेल याचा अंदाज त्यांनी आठ महिन्यांपूर्वी बांधून ठेवला होता. त्या वेळी तो कधी उपयोगी पडेल असं त्यांना वाटलंही नसेल.

पडद्यावर आणायचं तर

हे प्रकरण कुणी पुन्हा पडद्यावर आणलंच, तर माझी एक तक्रार आधीच नोंदवून ठेवतो. फोनचा प्रसंग दोन मिनिटांत उरकू नका आणि त्याला पार्श्वसंगीत देऊ नका. खोलीत तीन दमलेले तरुण, एक कंटाळलेला तहसीलदार, कोपऱ्यात स्वतःवर खूश असलेला अर्जनवीस आणि खरखरणारी लाइन. प्रेक्षकाला कळायला हवं की पारुळकर ज्याला फोन करताहेत तो शत्रूच आहे, आणि आत्ता तिघांचा जीव त्या शत्रूच्या सभ्यपणावर टांगलेला आहे. अशा चित्रपटांत सहसा शत्रूची दोनच रूपं असतात, पाषाणहृदयी अधिकारी नाहीतर जीव वाचवणारा गरीब गावकरी. उस्मान दोन्हींत बसत नाही. त्याने कैद्यांना पळू दिलं नसतं, आणि त्यांना मारूही दिलं नाही. तो आपली नोकरीच करत होता.

टोपीचा प्रसंगही कापू नका. तो हसण्यासारखा आहे आणि म्हणूनच अंगावर येतो.

पुढचं थोडक्यात. मागे राहिलेल्या वैमानिकांसह सगळ्यांना नंतर लायलपूरच्या, म्हणजे आजच्या फैसलाबादच्या, मोठ्या छावणीत हलवलं. तिथे भारतीय लष्कराचे कैदीही होते. तिथेच भुत्तोंनी सुटकेची घोषणा केली आणि १ डिसेंबर १९७२ ला हे वैमानिक वाघ्याहून परत आले. म्हणजे तिघे पळाले नसते तरी साडेतीन महिन्यांनी घरी येणारच होते. यावरून काहीजण त्यांच्या धडपडीला फुकाची ठरवतात. १३ ऑगस्टला ही तारीख जगात कुणालाच ठाऊक नव्हती, एवढंच त्यांना सांगायचं.

पारुळकर ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वारले. वाघ्याहून परतताना ते ज्या दिशेने भारतात शिरले ती पूर्व होती, रावळपिंडीच्या कोठडीत बसून त्यांनी सर्वांत आधी बाद केलेली.